काशीदा रेफरीचा वर केलेला हात

काशीराम शितप शिट्टी तोंडात ठेवूनच चहा पीत. शिट्टी डाव्या गालात सरकवत आणि चहा उजव्या बाजूने ओढत. घोट जोरात ओढला गेला तर शिट्टी बारीक वाजे. मग ते आजूबाजूला बघून सांगत, "चालू दे, चालू दे."

एसटीला हात दाखवला की गाडी थांबली तरी तो खाली आणत नसत. दुसऱ्या कुणी उतारूने दाराच्या दांडीला हात लावला, की मगच खाली. रोजचे कंडक्टर हसत. नवा असला तर विचारी, "काय वो, काखेत गळू झालाय काय?"

आमटी अळणी आहे हे सांगायचं असेल तर पुढचा घास घेण्याआधी सांगत. घास गेल्यावर लक्षात आलं तर गप्प जेवत. "आता खेळ पुन्हा सुरू झाला," असं म्हणत. त्यांची बायको हौसा याचा पुरेपूर फायदा घेई. वाढताना पहिला घास तोंडात जाईपर्यंत ती काहीतरी विचारत राही.

दोन्ही मनगटांवर घड्याळं बांधत. डावं चाले. उजवं कित्येक वर्षं बंद होतं. ते राखीव.

आणि बाजारात बोलत चालले की उलटे चालत. सगळं मैदान डोळ्यांसमोर राहावं म्हणून. या सवयीपायी ते मासळीबाजारात एकदा बांगड्यांच्या टोपलीत बसले होते. टोपलीवालीने जे ऐकवलं ते त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि तिला तोंडी ताकीद दिली.

हे सगळं मुकुलने पाहिलं होतं. मुकुल रत्नागिरीच्या एका कॉलेजात मराठी साहित्य शिकला. त्याच कॉलेजात काशीदा जिमखान्याचे शिपाई होते. मैदानावर चुन्याच्या रेघा मारायच्या, चेंडूत हवा भरायची आणि सामना असला की रेफरी व्हायचं, ही त्यांची कामं. मुकुलला खेळाचं वेड नव्हतं. वाचनालय बंद असलं की तो जिमखान्याच्या पायरीवर बसे. तिथून मैत्री झाली. वयात पंचवीस-तीस वर्षांचं अंतर. काशीदांनी एकदा त्याच्याकडे नीट बघितलं आणि म्हणाले, "तू पुस्तक घेऊन तासभर एका जागी बसतंस. तू चांगला लाईनमन होशील." हौसाच्या जुन्या लाल लुगड्याचा तुकडा काठीला बांधून त्यांनी त्याच्या हातात दिला. तेव्हापासून काशीदा रेफरी आणि मुकुल लाईनमन.

काशीदा मूळचे पालीपासून आत असलेल्या देऊळकोंडचे. मिसरूड फुटायच्या आधी मुंबईला गिरणीत लागले. गिरणीचा फुटबॉल संघ होता. त्यात ते खेळायला गेले, पण पळण्यात फार मंद. वस्तादाने शिट्टी दिली. शिट्टी मात्र वेळेवर वाजवत. पुढे गिरणी बंद पडली. बरोबरीच्या लोकांनी येताना ट्रंका आणल्या, भांडी आणली. काशीदा शिट्टी, काळा शर्ट आणि फुटबॉलचे सगळे नियम घेऊन गावी आले. नियम तोंडपाठ होते. पण चुका होत. त्यांच्या चुका मोठ्या बघण्यासारख्या असत, कारण चूक झाली की ते ती लपवत नसत. उलट समारंभ करत.

मुकुल पहिल्या वर्षाला असतानाची गोष्ट. कॉलेजचा सामना ऐन रंगात होता. मैदानाच्या कडेचे आंबे मोहरले होते. काशीदांच्या नाकात मोहर गेला. ते शिंकले. शिट्टी तोंडात. शिट्टी अशी वाजली की दोन्ही संघ जागच्या जागी थांबले. गोलाच्या तोंडाशी चेंडू घेऊन गेलेला पोरगाही थांबला आणि रडकुंडीला आला. "काय झालं? फाऊल कोणाचा?" सगळे विचारू लागले.

काशीदांनी रुमालाने नाक पुसलं. मग मैदानाच्या मध्ये जाऊन मोठ्याने सांगितलं, "फाऊल कोणाचा नाय. शिट्टी चुकून वाजली. चूक रेफरीची." मग चेंडू जिथे होता तिथे दोन्हीकडचा एकेक खेळाडू समोरासमोर उभा केला आणि चेंडू मध्ये सोडला. चुकून वाजलेल्या शिट्टीनंतर खेळ असाच सुरू करायचा असतो. मुकुलला हे तेव्हा माहीत नव्हतं. कुणाचाही गुन्हा नसताना खेळ थांबला, तर कुणालाच शिक्षा न देता तो पुन्हा सुरू करता येतो, याचं त्याला फार नवल वाटलं. घरी जाऊन त्याने त्यावर कविता लिहिली. ती वाईट होती.

पण काशीदा फक्त रेफरी नव्हते. गावात त्यांना एक मान होता. गाऱ्हाण्याचा.

देऊळकोंडात कुठलंही काम काढायचं तर आधी देवाला गाऱ्हाणं घालतात. पेरणी असो, शिमग्याची पालखी असो, कुणाच्या घराचा चौथरा असो. नारळ ठेवायचा आणि गावाच्या वतीने एकाने देवाशी बोलायचं. तो एकेक वाक्य म्हणतो. वाक्य संपताना उजवा हात वर करतो. गाव म्हणतं, "व्हय म्हाराजा." त्यासरशी वरचा हात छातीशी येतो, मान खाली जाते. मग पुढचं वाक्य. गाव ओ देत नाही तोवर पुढचं वाक्य नाही. हे बोलण्याचा मान शितपांच्या घराण्याचा. काशीदांच्या वडिलांचा होता, त्यांच्या आधी आज्याचा. वडील गेले तेव्हा काशीदा मुंबईहून आलेलेच होते. गावाने त्यांना देवळात उभं केलं. तेव्हापासून तेच. जिमखान्याच्या शिपायाला गावात "काशीदा" म्हणून उठून जागा देत, ती या मानामुळे. रेफरीगिरीचं गावाला काही नव्हतं. पोरांच्या खेळात हा म्हातारा अर्धी चड्डी घालून का पळतो, असंच बहुतेकांना वाटे.

म्हणजे एकच उजवा हात दोन नोकऱ्या करत होता. वीस-बावीस वर्षं दोन्ही सुरळीत चालल्या.

दोन हजार दोन सालचा मे महिना होता. पुढच्या महिन्यात वर्ल्ड कप. मुंबईची पोरं सुट्टीत गावी आली ती डोक्यात तेच घेऊन. त्यांनी गावाच्या वरच्या सड्यावर, सपाट कातळावर, फुटबॉलची स्पर्धा ठरवली. गवताचं पातं नाही. जो पडे तो सोलून निघे. गोलाला जाळी नव्हती, ती किनाऱ्यावरच्या पूर्णगडहून खेळायला आलेल्या पोरांनी आणली. मासेमारीची जुनी जाळी. वास घेऊनच आली होती. गोलकीपर नाकाला रुमाल बांधून उभे राहत.

अंतिम सामना देऊळकोंड आणि पूर्णगड यांच्यात आला. रेफरी यजमान गावचाच कसा, असं कुणी पूर्णगडच्या कप्तानाला विचारलं. त्याचं नाव हरिश्चंद्र. धिप्पाड, होडीवर वाढलेला. तो म्हणाला, "काशीदानं गेल्या साली सख्ख्या पुतण्याला भायर काढलान. आमाला चालतो."

सामन्याआधी अर्थातच गाऱ्हाणं. काशीदा काळा शर्ट, अर्धी चड्डी, गळ्यात शिट्टी अशा वेशात मध्यरेषेवर उभे राहिले. समोर नारळ. एका बाजूला भागोजी गावकर. हे गावचे पहिले मानकरी आणि स्पर्धेचे अध्यक्ष. त्यांच्या हातात माईक होता आणि तो दिवसभर त्यांनी खाली ठेवला नाही.

"बा देवा म्हाराजा," काशीदांनी सुरुवात केली, "आज जी काय समस्त मंडळी तुज्या पायाशी जमली हाय." हात वर.

"व्हय म्हाराजा." सडा दुमदुमला. हात छातीशी.

"पोरांनी जो काय ह्यो चेंडूचा खेळ मांडलाय, तो तुज्या चरणी रुजू करून घे."

"व्हय म्हाराजा."

"भायरगावची पोरा आली हायत, त्यांच्या हातापायांची राखण कर."

"व्हय म्हाराजा." पूर्णगडच्या पोरांनीही हात जोडले.

खेळ सुरू झाला. पहिल्या अर्ध्यात पूर्णगडचा एक गोल. दुसऱ्या अर्ध्यात देऊळकोंडचा एक. तो रितेशने केला. रितेश मुंबईकडे डोंबिवलीत राहणारा, केस रंगवलेला, गावचा हिरो. मग कुणाचंच काही होईना. ऊन उतरलं. काजूच्या झाडाखाली गंगाराम आजा दुपारपासून झोपले होते, त्यांची झोप कुणाला मोडता आली नाही.

शेवटची काही मिनिटं राहिली. पूर्णगडच्या एका पोराने घाबरून चेंडू पायाने आपल्याच गोलकीपरकडे ढकलला. गोलकीपरने तो हाताने उचलला. काशीदांची शिट्टी वाजली.

आपल्याच खेळाडूने मुद्दाम पायाने दिलेला चेंडू गोलकीपरला हातात घेता येत नाही. घेतला तर समोरच्यांना फ्री किक मिळते, पण इनडायरेक्ट. म्हणजे मारलेला चेंडू सरळ गोलात गेला तर गोल नाही. आधी दुसऱ्या कुणाचा तरी पाय लागला पाहिजे. आणि हे सगळ्यांना कळावं म्हणून रेफरीने एक हात डोक्यावर उभा धरायचा. दुसऱ्या कुणाचा पाय लागेपर्यंत तो खाली आणायचा नाही.

काशीदांनी हात वर केला. बरोबर केला. अगदी सरळ, बोटं जुळलेली. पूर्णगडचे सगळे गोलाच्या रेघेवर भिंत करून उभे राहिले. रितेशने चेंडू ठेवला. सड्यावर शांतता पसरली.

त्या शांततेने गंगाराम आजांना जाग आली. त्यांनी डोळे उघडले. समोर काशीदा. काशीदांचा हात वर. सगळा गाव गप्प. गाऱ्हाणं चाललंय आणि गाव ओ द्यायला विसरलं, एवढंच त्यांना दिसलं. ते घाईघाईने उठून बसले, हात जोडले आणि म्हणाले, "व्हय म्हाराजा."

त्यांच्या शेजारच्या दोन म्हाताऱ्यांनीही म्हटलं. मग बायकांनी. मग पोरांना गंमत वाटली. क्षणात सगळा सडा म्हणाला, "व्हय म्हाराजा."

हात छातीशी आला. मान खाली गेली. डोळेही मिटले असावेत.

रितेशने तेवढ्यात किक मारली. भिंतीत दोन पोरं मान वाकवून हात जोडत होती, त्यांच्या डोक्यांवरून चेंडू गेला आणि मासळीच्या जाळीत अडकला.

काशीदांनी डोळे उघडले. चेंडू जाळीत. हात छातीशी, म्हणजे खाली. हात खाली म्हणजे किक डायरेक्ट. डायरेक्ट म्हणजे गोल. त्यांनी शिट्टी वाजवली आणि मैदानाच्या मध्याकडे बोट दाखवलं.

मुकुल त्याच बाजूच्या रेघेवर उभा होता. त्याने सगळं पाहिलं होतं आणि तरी त्याला ते खरं वाटत नव्हतं. त्याने झेंडा वर केला आणि तसाच उभा राहिला. साहित्याच्या पदवीधराकडे जग जितकं लक्ष देतं तितकंच त्याच्याकडे दिलं गेलं. गाव नाचत होतं. भागोजी माईकवर म्हणत होते, "देवानं कौल दिलान, मंडळी. देवानं कौल दिलान."

गोल झाल्यावर पूर्णगडने मध्यावरून खेळ सुरू करायचा. तो एकदा सुरू झाला की संपलं. रेफरीला आपला निर्णय बदलायचा तर खेळ पुन्हा सुरू होण्याआधीच. नंतर देव आला तरी बदलता येत नाही. हे त्या सड्यावर तिघांना माहीत होतं. काशीदा, मुकुल आणि रितेश.

रितेश आपल्या पोरांना ढकलत होता. "चला रे, जागेवर उभे रहा. नाचायचं नंतर. सेंटर होऊ दे आधी." मग तो भागोजींच्या कानाशी लागला. लगेच माईकवरून विनंती झाली, "पूर्णगडच्या खेळाडूंनी खेळ सुरू करावा. काळोख पडतोय. परतीचा टेम्पो थांबलेला हाय."

हरिश्चंद्र रागाने लाल झाला होता. "हात वर होता त्याचा. मी बघितला," तो ओरडत होता. पण ऐकणार कोण? शेवटी त्याने चेंडू मध्यावर आदळला, त्यावर पाय ठेवला. तो चेंडू थेट अरबी समुद्रात पाठवायच्या बेतात होता. शिट्टी वाजायचा अवकाश.

काशीदांनी छातीत हवा भरली. मुकुल झेंडा वर धरून मैदानात पळत सुटला. लाईनमनने असं करायचं नसतं.

"काय?" काशीदा शिट्टीच्या बाजूने म्हणाले.

"तुमचा हात."

"काय झाला हाताला?"

"खाली आला. म्हाराजा म्हटल्यावर."

काशीदांनी उजव्या हाताकडे बघितलं. मग शिट्टी तोंडातून काढली. मैदानावर त्यांनी ती काढलेली मुकुलने कधी पाहिली नव्हती. आता त्यांचं तोंड एकदम म्हातारं दिसू लागलं.

"किक इनडायरेक्ट होती."

"होय."

"मी हात खाली केला."

"होय."

"त्याने डायरेक्ट मारलान."

"होय."

"सेंटर झाली?"

"अजून नाही."

काशीदा चालत हरिश्चंद्रकडे गेले आणि त्याच्या पायाखालचा चेंडू काढून घेतला. "गोल नाय," ते म्हणाले.

पूर्णगडची पोरं उड्या मारू लागली. "आमची गोलकिक," हरिश्चंद्र म्हणाला. "इनडायरेक्ट सरळ गोलात गेली तर गोलकिक आमची."

"गोलकिक पण नाय. किक पुन्हा मारायची."

"ती कशी?"

"हात मी खाली केला. मारणारा फसला. त्यात त्याचा दोष नाय. तुज्या गोलकीपरनं बॉल उचललान, तो गुन्हा पण पुसला नाय. किक पुन्हा."

आता दोन्ही गाव त्यांच्यावर चिडले. भागोजी माईक घेऊन मैदानात निघाले. वायर मध्यरेषेपर्यंतच पुरली. मग त्यांनी काशीदांना तिथे बोलावलं. माईक चालूच होता, त्यामुळे पुढचं सगळं सड्यावर आणि खाली वाडीतही ऐकू गेलं.

"काशी, हात कोनाच्या नावानं खाली आला?"

"देवाच्या, भागोजीदा."

"देवाच्या नावानं खाली आलेला हात चुकीचा म्हणतंस?"

"हात चुकीचा नाय. जागा चुकीची."

"जागा पण देवाचीच हाय. सडा देवस्थानचा."

काशीदांनी पायाखालच्या कातळाकडे बघितलं. मुकुलनेही बघितलं. त्याने वर्गात वाचलेल्या समीक्षेत हा मुद्दा नव्हता.

"बघ," भागोजी आवाज खाली करून म्हणाले. माईकमुळे तो खाली गेला नाही. "आता बक्षिसांचा कार्यक्रम. शेवटचा गाऱ्हाणा तुलाच घालायचा हाय. गाव ओ देल का नाय, मी सांगू शकत नाय. आणि गाव ज्याला ओ देत नाय त्याच्याकडं मान राहत नाय. तुजा गोल, तुजा मान. काय ता ठरव."

बायकांच्या गर्दीतून हौसा उठून उभी राहिली. ती कधी चारचौघांत बोलत नसे. "आवो," ती तिथूनच म्हणाली, "मामंजींचा मान हाय तो. जाताना तुमच्या हातात दिलानी. इचार करून काय ता करा."

तिने हो म्हटलं की नको, ते मुकुलला कळलं नाही. काशीदांनाही कळलं नसावं.  त्यांनी शिट्टी तोंडात घातली, गालात सरकवली आणि चेंडू घेऊन किकच्या जागी चालू लागले. सरळ चालत गेले. उलटे नाही.

चेंडू ठेवला. भिंत उभी राहिली. काशीदांनी हात वर केला.

कोपऱ्यातून चार पोरं म्हणाली, "व्हय म्हाराजा." हात छातीशी.

शिट्टी. पुन्हा. हात वर. आता अर्धा गाव, "व्हय म्हाराजा." हात छातीशी. गंगाराम आजा पूर्ण श्रद्धेने ओ देत होते. बाकीचे नव्हते. गावाला खेळणं सापडलं होतं.

तिसऱ्यांदा काशीदांनी डाव्या हाताने उजवा दंड धरला. गाव गरजलं. दोन्ही हात मिळून खाली आले आणि जोडले गेले. पूर्णगडची पोरंही आता पोट धरून हसत होती. फक्त काशीदांना घाम फुटला होता. त्यांनी मुकुलला बोलावलं.

"धर."

"काय?"

"हात धर. वर. सोडू नको."

मुकुलने झेंडा काखेत मारला आणि दोन्ही हातांनी रेफरीचं मनगट डोक्यावर धरलं. मनगटावर बंद घड्याळ होतं, ते त्याच्या तळव्यात रुतलं. फुटबॉलच्या कुठल्याही नियमात हे बसतं का, हे त्याला ठाऊक नव्हतं. बसत नाही असंही कुठे लिहिलेलं नसावं. समोर सगळा गाव, वर मावळतीचं आभाळ, आणि आपण एका माणसाचा हात धरून उभे. एम. ए.चा निकाल लागला त्या दिवशी भविष्याविषयी त्याने जे काही कल्पिलं होतं त्यात हे नव्हतं.

शिट्टी वाजली. "व्हय म्हाराजा," गाव म्हणालं. मुकुलच्या हातातल्या मनगटाने असा हिसका दिला की तो टाचांवरून पुढे आला. विहिरीत भरलेली घागर ओढावी तशी ती ओढ होती. त्याने दात खाऊन धरून ठेवलं. हात वरच राहिला.

रितेशने किक मारली. त्याला फक्त शेजारच्या पोराकडे चेंडू सरकवायचा होता. पण तो चिडला होता आणि शेजारचा पोरगा हसत होता. रितेशने चेंडू जीव खाऊन सरळ मारला. भिंतीवरून, कुणालाही न लागता, जाळीत. मघाच्या रद्द झालेल्या गोलापेक्षाही सुंदर.

हात वर होता. सगळ्यांना दिसत होता. काशीदांनी डाव्या हाताने गोलकिकची खूण केली.

"सोड आता," ते मुकुलला म्हणाले.

सामना बरोबरीत सुटला. पेनल्टीवर पूर्णगड जिंकलं. रितेशची पेनल्टी बाहेर गेली, ती कुठे गेली ते कुणी बघायलाही गेलं नाही.

बक्षिसं झाली. टाळ्या वाजवायच्या म्हणून वाजल्या. मग शेवटचं गाऱ्हाणं. काशीदा पुन्हा नारळासमोर उभे राहिले. आवाज नेहमीचा होता. मुकुल त्यांच्या मागे उभा होता.

"बा देवा म्हाराजा, मांडलेला खेळ तुज्या कृपेनं पार पडला." हात वर.

"व्हय म्हाराजा." गावाने ओ दिली. जरा पडेल, पण दिली. इतक्या वर्षांची सवय गावालाही होती. भागोजी दचकले.

"जितला त्याचा भला कर, हरला त्याचा पण भला कर."

"व्हय म्हाराजा."

"आणि ह्या सगळ्यात कोनाचा काय चुकला-माकला आसल, ता पोटात घाल." हात वर.

भागोजी वळले आणि त्यांनी गावाकडे बघितलं. नुसतं बघितलं. गाव गप्प बसलं. गंगाराम आजांनी तोंड उघडलं होतं, त्यांच्या सुनेने त्यावर पदर धरला. पूर्णगडचा हरिश्चंद्र ओ देणार होता. त्याच्या शेजारच्या म्हाताऱ्याने त्याचं कोपर दाबलं. "आपला गाव नाय," तो पुटपुटला. बाहेरच्याची ओ मोजत नाहीत.

काशीदा थांबले. हात वर. त्यांनी वाक्य पुन्हा म्हटलं नाही. गाव वाट बघत होतं की ते कधी शरमतात. ते गावाची वाट बघत होते. टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. मग काशीदांनी आपला हात आपणच खाली आणला, सावकाश, आणि नारळ उचलला.

"उरलेला मागनं," ते म्हणाले आणि हौसाबरोबर घरी गेले.

मान गेला, असं सगळ्यांनी धरलं. हौसा दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. त्यांनी आमटीबद्दल काही म्हटलं नाही, घासाआधीही नाही.

पेरणी जवळ आली. पेरणीचं गाऱ्हाणं हवं. भागोजींनी दुसरा माणूस ठरवला. त्याने पाठ केलं. मग देवळाच्या गुरवाने शांतपणे अडचण सांगितली. घातलेलं गाऱ्हाणं ज्या तोंडाने सुरू केलं त्याच तोंडाने पुरं करायचं असतं. ते अर्धं असताना दुसऱ्या तोंडाला देवासमोर उघडता येत नाही. काशीदाने ते सोडून दिलं असतं तर गोष्ट वेगळी होती. पण तो "उरलेला मागनं" म्हणालाय. सगळ्या गावाने ऐकलंय.

भागोजी स्वतः शितपांच्या घरी गेले. मुकुल त्या दिवशी तिथे होता. काशीदा पडवीत शिट्टी धूत बसले होते.

"काशी, ता अर्धा हाय ता पुरा करून टाक. गाव ओ देल."

"कुठल्या वाक्याला?"

भागोजींनी छपराकडे बघितलं. "चुकल्या-माकल्याच्या."

"कोनाच्या चुकीच्या?"

भागोजी कौलं मोजू लागले. हौसाने चहा आणला. तिने पहिला पेला नवऱ्यासमोर ठेवला, मानकऱ्यांसमोर नंतर.

"पेरणीचा घालतो मी," काशीदा म्हणाले. "तोंड माजाच हाय, त्याला अडचण नाय. अर्ध्याचा बघू."

पेरणीचं घातलं. शिमग्याचं घातलं. गाव दणदणीत ओ देत होतं. पुढे मुकुलला चिपळूणकडे नोकरी लागली. काशीदा निवृत्त झाले. दर मे महिन्यात तो देऊळकोंडला जाई आणि एकदा तरी विचारी. दरवेळी काहीतरी असे. एकदा खांदा दुखत होता. एकदा नारळ नासका निघाला. दुसऱ्या एका वर्षी भागोजी स्वतः पुढे बसले होते, तोंड ओ द्यायला उघडं ठेवून, आणि काशीदांनी पालखीचं गाऱ्हाणं पुरं करून नेमकं त्या वाक्याच्या अलीकडे पाणी मागितलं. पाणी पिऊन घरी गेले.

"मुद्दाम करताय?" मुकुलने विचारलं.

"छे रे. राहून जाता."

त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळलं नाही. शिट्टी गालात होती.

"कधी पुरं करणार मग?"

"पाऊस होऊन जाऊ दे," काशीदा म्हणाले. पाऊस झाला. ते वाक्य अजून तिथेच आहे, गावाच्या ओसाठी थांबलेलं, आणि गाव कधीचं तयार आहे.